साळवेमामांची उगवण

मृगाच्या आधी आठ दिवस साळवेमामा आमच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये गोणपाट अंथरायचे. त्यावर विद्यार्थ्यांच्या प्रोजेक्टच्या सीड्या आणि हार्ड डिस्क ओळीनं मांडायच्या, मग रजिस्टरवर डोळे मिटून बोट ठेवायचं, आणि बोटाखाली येईल तो प्रोजेक्ट एखाद्या विद्यार्थ्याकडून उघडून घ्यायचा. असे शंभर. उघडला की रजिस्टरात 'उगवला', नाही उघडला की 'पोचट'. कॉलेजात रुजू झाले त्या वर्षी मी हा सोहळा दारातून पाहिला आणि मला वाटलं, मी चुकून शेतकी शाळेत आले.

मामा आमचे लॅब अटेंडंट. त्याआधी जालन्यात एका बियाण्याच्या गोदामात होते. प्रत्येक लॉटमधले शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळायचे आणि किती उगवले ते मोजायचे, हे तिथलं त्यांचं काम. कॉम्प्युटर चालू आणि बंद करणं, एवढंच त्यांना यायचं. "दिसाया तं समदंच बी टपोरं दिसतं, मॅडम," ते म्हणायचे, "उगवून पाह्यल्याबिगर काय कळतं?"

सीड्यांच्या डब्यात कडुनिंबाचा पाला सापडला तेव्हा मी भडकले. माझा स्वभावच तसा, आधी भडकायचं आणि मग विचारायचं.

"मामा, कॉम्प्युटरचा व्हायरस म्हणजे किडा नव्हे!"

"मला म्हायती हाय, मॅडम. पण झुरळाला म्हायती न्हाई ना."

प्रोजेक्ट जमा करायला येणाऱ्या पोरांची तर ते उलटतपासणीच घ्यायचे. कुणी केलं, कुठल्या गावचा, कशात उघडतं, पासवर्डचं कुलूप असेल तर किल्ली कुठंय. एका पठ्ठ्यानं 'फायनल', 'नवीन फायनल' आणि 'लास्ट फायनल' अशा तीन फायली आणल्या. मामा म्हणाले, "काय रे, घरात तीन पोरं आसली तं तिघांचंबी नाव बाळ्याच ठिवतो का?" तो तासभर नावं बदलत बसला.

सगळ्यात मोठा नेम प्रतींचा. "बी एका घरी ठिवू नये. एक आपल्याकडं, एक शेजाऱ्याकडं, एक बहिणीकडं. आपलं घर जळलं तं शेजारी देतो. शेजाऱ्याशी बिनसलं तं बहीण देती."

"आणि बहिणीशीच बिनसलं तर?"

"आमच्या अक्काशी भांडायची कुणाची हिंमत हाय?"

त्याप्रमाणे एक प्रत लॅबमध्ये, एक शेजारच्या ग्रंथालयात आणि एक चक्क वाटूरला अक्कांच्या घरी, ज्वारीच्या कोठीत! कॉलेजचा डेटा ज्वारीत, हे कळल्यावर माझा तोल गेला. मी लेखी मेमो काढला: सदर साहित्य तात्काळ महाविद्यालयात जमा करावे. खाली सही, त्यावर गोल शिक्का. मामांनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि म्हणाले, "बराबर हाय, मॅडम." मामांचं 'बराबर' म्हणजे होकार नसतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. पुढं विचारलं की कधी अक्का गावाला गेलेल्या असायच्या, कधी कोठीवर नवी ज्वारी पडलेली असायची.

मी मात्र झपाट्यानं सुधारणा केली. सगळे प्रोजेक्ट ऑनलाइन चढवले. लॅबची डिस्क पुसून तिच्यात स्नेहसंमेलनाचं शूटिंग भरलं. ग्रंथालयातल्या सीड्या रद्दीत घातल्या. उगवण बंद केली आणि ते गोणपाट पाय पुसायला दारात टाकलं. मामा रोज त्याला वळसा घालून आत यायचे, पाय ठेवायचे नाहीत. मला त्याचं हसू यायचं.

दोन वर्षांनी आमची जुनी विद्यार्थिनी, शहागडकडची अर्चना, दारात उभी राहिली. मोसंबीच्या पानाचा फोटो काढला की रोग सांगणारं ॲप तिनं बनवलं होतं. त्यासाठी दोन वर्षं बागा पालथ्या घालून तिनं हजारो पानांचे फोटो काढले होते. आता एका कंपनीनं तिला मुलाखतीला बोलावलं होतं, पण त्यांना ते ॲप चालताना बघायचं होतं. तिचा लॅपटॉप केव्हाच बिघडला होता. "फोटो परत काढावं म्हणलं तर बागाच तोडल्या, मॅडम," ती म्हणाली. "सोमवारी बोलावलंय."

मी ऐटीत ऑनलाइन खातं उघडायला गेले. ते काढलं होतं तासिकेवरच्या एका सरांच्या मोबाइल नंबरवर. सर सोडून गेले, त्यांचा नंबर बंद पडला आणि कुणी फिरकलं नाही म्हणून खातंही बंद झालं. आत काही उरलं नव्हतं. पोरगी नुसती ओढणीचं टोक पिळत उभी राहिली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हे सगळं मी, माझ्या हातानं पुसलं होतं.

मामा फडक्यानं की-बोर्ड पुसत होते. मान वर न करता म्हणाले, "वाटूरला जाऊन यावं म्हणतो."

आम्ही तिघं रिक्षानं वाटूरला गेलो. अक्का ओट्यावर लसूण सोलत बसल्या होत्या. मामांनी येण्याचं कारण सांगितलं. अक्का म्हणाल्या, "चिठ्ठी?"

"अगं अक्का, मी सोता आलोय!"

"तूच सांगून गेल्तास ना, शिक्क्याच्या चिठ्ठीबिगर कुणालाच देऊ नको, मलाबी न्हाई?"

मामांनी माझ्याकडं असं अभिमानानं पाहिलं की मला त्यांना धरून हलवावंसं वाटलं. मग त्यांनी शर्टाच्या खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेला एक कागद काढला. माझाच मेमो! "तुमच्या हातचं लेखी हाय, मॅडम. टाकायचं कसं?" अक्कांना वाचता येत नव्हतं. त्यांनी शिक्क्यावरून अंगठा फिरवला, "बराबर," म्हणाल्या आणि कोठीत खांद्यापर्यंत हात घातला.

डब्यात डिस्क होती, वर वाळलेला पाला. अर्चनानं मैत्रिणीचा लॅपटॉप आणला होता, त्याला ती लावली. दोन मिनिटं काहीच होईना. मग मोसंबीचं एक पान दिसलं, मग दुसरं, मग पडदाभर पानंच पानं. अर्चना रडायला लागली आणि मीही. मामा एवढंच म्हणाले, "उगवलं."

अर्चनाला ती नोकरी लागली. मी डिस्कची प्रत काढून घेतली आणि डबा माझ्या हातानं वाटूरला पोचवला. गोणपाट धुऊन वाळवलं. मामा निवृत्त झाले तरी दरवर्षी मृगाच्या तोंडावर त्यांचा फोन यायचा, "मॅडम, उगवण घेतली का? पोचट किती?"

यंदा फोन आला नाही. मीच लावला, तर अक्कांनी उचलला. मामा गेले होते, झोपेतच. मी वाटूरला गेले. ओट्यावर बसून आम्ही दोघी पोटभर रडलो. चहा झाला. पदरानं डोळे पुसत अक्का म्हणाल्या, "उगवण घ्यायची आसंल ना तुमाला? चिठ्ठी आणली का?"

मी पर्समधला कागद काढला, तिथंच मांडीवर चिठ्ठी लिहिली आणि सही केली. अक्कांनी कागद हातात घेऊन त्यावरून अंगठा फिरवला.

"शिक्का कुठंय?"

"अक्का, आता तरी..."

"भावानं सांगितलंय," त्या म्हणाल्या आणि कागद माझ्या हातात परत ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी शिक्का मारून परत वाटूरला गेले.