बंदुकीचे वारस

शिलाई मशीन दुरुस्त करणारा सकाळपासून आमच्या ओट्यावर बसला आहे. त्यानं जुनं मशीन उघडलं, रॉकेलात भिजवलेल्या चिंधीनं एकेक भाग पुसला, वर तेलाचे चार थेंब सोडले, आणि तो वास थेट माझ्या खुर्चीपर्यंत आला. रॉकेल, तेल आणि जुनं लोखंड. हल्ली मला वासांचा कंटाळा येतो. मेले हात धरून कुठल्या कुठे नेतात आणि परत आणून सोडायचं नाव काढत नाहीत. हा वास आबांच्या बंदुकीचा आहे. आबा म्हणजे माझे वडील.

बंदूक म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे जे काही येईल ते आधी पुसून टाका. आमची बंदूक ठासणीची, नळीत दारू ठासून उडवायची, पीक राखण्यापुरती. केदारखेड्याच्या शिवारात नदीच्या अंगाला आमचं रान. हरभरा घाट्यावर आला की हरणं उतरायची, मका भरली की डुकरं. आबांनी जन्मात एक चिमणी मारली नाही. नळी आभाळाकडे करून एक बार काढायचा, कळप उधळायचा, की आबा धोतराचा सोगा झटकून पुन्हा कामाला लागायचे. मी त्या बाराच्या भीतीनं कानात बोटं घालून गोठ्याआड जायचो. बंदुकीची सगळी निगा माझ्या थोरल्या बहिणीकडे, आक्काकडे होती. गजाला चिंधी गुंडाळून ती नळी पुसायची, तेल लावायची, आणि एक डोळा मिटून नळीतून पलीकडचा उजेड बघायची. आबा म्हणायचे, "पोरगी लई बराबर पुसती." मला त्यांनी असं कधी म्हटलं नाही, आणि म्हणण्यासारखं मी काही केलंही नव्हतं.

बंदूक बाळगणं सोपं, परवाना बाळगणं अवघड. अर्ज, फोटो, सातबारा, तलाठ्याचा दाखला, पोलीस पाटलाचा जबाब, मग ठाण्याची चौकशी. कुणाशी वैर आहे का, दारूचं व्यसन आहे का, डोकं ठिकाणावर आहे का. इतकं सगळं धड असलेल्या माणसाला बंदूक हवीच कशाला, असं मला तेव्हाही वाटायचं. ठरलेल्या वर्षांनी नूतनीकरण, आणि निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात जमा. पूर्वी हे सगळं औरंगाबादला चालायचं. मग जालना वेगळा जिल्हा झाला. अंतर कमी झालं, खेपा काही कमी झाल्या नाहीत. त्यात आमच्याकडची एक रीत. दसऱ्याला बंदुकीबरोबर परवान्याच्या पुस्तकाचीही पूजा व्हायची. दरसाल हळदीकुंकवाची बोटं उमटून उमटून नंबर पार दिसेनासा झाला. कारकून डोक्याला हात लावून म्हणाला, "आबा, ही परवान्याची पूजा केली का त्याचं लगीन लावलं?" नंबर शोधायला जुनी नोंदवही काढावी लागली, त्यात एक अख्खा उन्हाळा गेला. पुढच्या दसऱ्याला पुस्तकाची पूजा पुन्हा झाली. बोला आता!

नव्वदीच्या दशकात आबा गेले. परवाना माणसाबरोबर संपतो, त्यामुळे दहावा उरकल्यावर बंदूक मी ठाण्यात नेऊन दिली, पावती घेतली. वारसाला ती हवी असेल तर त्यानं मुदतीत स्वतःच्या नावानं नवा परवाना काढायचा, आणि बाकीच्या वारसांनी आमची हरकत नाही असं लिहून द्यायचं. आई आधीच गेलेली. वारस आम्ही दोघंच, मी आणि आक्का. मी जालन्यात मास्तर, अक्षर चांगलं, अर्ध्या गावाचे अर्ज माझ्या हातचे. मला बंदूक नको होती खरं तर. पण आबांची वस्तू सरकारजमा झाली तर लोक काय म्हणतील, एवढंच माझ्या डोक्यात होतं. स्टॅम्प पेपरवर मजकूर लिहिला आणि एका रविवारी हसनाबादला आक्काच्या घरी गेलो.

आक्काला तेव्हा विधवा होऊन दोन वर्षं झाली होती. सासऱ्यांच्या नावावरचं रान ती एकटी कसत होती. मी कागद पुढे केला, पेन दिलं. ती म्हणाली, "आधी वाचून दाखव."

मी वाचलं. 'सदर शस्त्रावरील माझा वारसाहक्क मी राजीखुशीने सोडत आहे.'

"शेताच्या टायमाला बी असंच लिव्हलं व्हतं का?"

"तसंच असतं ते, आक्का."

"त्या टायमाला कुनी वाचून दाखवलं न्हाई."

खरं होतं. आमच्याकडे बहिणींचं हक्कसोड म्हणजे कुणी विचारण्याची गोष्टच नव्हती. आबांच्या वर्षश्राद्धाचीही वाट न बघता मी तिला तालुक्याला, भोकरदनला नेलं होतं, सही घेतली होती, तिला साडी घेतली होती. ती हसत सही करून बसमध्ये बसली होती. या वेळी मात्र तिनं पेनाचं टोपण लावलं. "ही बंदूक मला पायजे, भाऊ. डुकरांनी मकाचं पार वाटोळं करून टाकलंय. डबे वाजवू वाजवू हात गळाले माझे. तू साऱ्या गावाचे अर्ज लिव्हतो, माझा एक लिव्ह."

मी हसलो. तुला बंदूक कशाला, बाईमाणूस तू, असलं काहीबाही बोललो. तिचा चेहरा हलला नाही. मग मी मास्तरकी काढली. म्हटलं, पीक राखायचा परवाना पाहिजे तर सातबारा लागतो. तुझ्या नावावर जमीन कुठंय?

तिनं कागदाची घडी घालून माझ्यापुढे ठेवली. मग शांतपणे म्हणाली, "मंग आबाच्या रानातलं एक एकर लाव माझ्या नावानं. तेवढ्यावर भेटंल का परवाना?"

बघतो, म्हणालो आणि निघालो. तुमच्यापासून काय लपवू, त्या दिवसापासून मला त्या एका एकराचीच धास्ती बसली. बंदूक गेली खड्ड्यात. अर्ज मी तिच्याही नावानं केला नाही आणि माझ्याही नावानं केला नाही. नुसते दिवस जाऊ दिले. ती निरोप धाडायची, "काय झालं म्हणावं." मी उलट निरोप द्यायचो, कागद चालू आहे. मुदत संपली आणि नोटीस आली. बंदूक सरकारजमा का करू नये, याचं म्हणणं अमुक तारखेला जिल्हा कचेरीत येऊन मांडावं.

त्या तारखेला आक्का पहिल्या गाडीनं जालन्याला आली. ठेवणीतलं लुगडं, डोक्यावर पदर, आणि पिशवीत भोकरदनला जाऊन काढून आणलेले स्वतःचे दोन फोटो. "अर्जाला लागतात ना," म्हणाली. कचेरीत मी तिला साहेबांच्या दाराबाहेरच्या बाकावर बसवलं आणि आत गेलो. साहेब वयानं माझ्याएवढेच, बिचारे सरळ माणूस. कागद चाळून त्यांनी विचारलं, "तुम्हाला नको असेल तर हरकत नाही. दुसरा कुणी वारस घ्यायला तयार आहे का? असेल तर मुदत वाढवून देतो."

मी म्हणालो, "नाही, साहेब."

एवढंच. त्यांनी लिहून घेतलं, मी सही केली. माझी सही नेहमीसारखी सुंदर आली.

बाहेर आलो तर आक्का उठून उभी होती. सांगायची गरजच नव्हती. त्या कचेरीची दारं दिवसभर उघडी असतात आणि बाक दाराला लागूनच होता. रड नाही, भांडण नाही. पिशवी काखेत मारून ती म्हणाली, "चल, जल्दी चल, बारा वाजताची गाडी निघून जाईल." स्टँडवर तिनं आणलेली भाकर आम्ही दोघांनी खाल्ली. मी खाली मान घालून खात होतो, आणि तीच मला म्हणत होती, पाणी पी.

त्यानंतर किती भाऊबिजा झाल्या. दर भाऊबिजेला ती मला ओवाळते, माझ्या लेकरांची विचारपूस करते, तो विषय तिनं एकदाही काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं. दोन शिव्या खाऊन मी मोकळा झालो असतो. तिनं तेवढंही मला दिलं नाही, आणि तिचं बरोबरच होतं. आता मी आबांच्या वयाचा झालोय. मुलं शहरात, रान बटाईनं. मागच्या महिन्यात मी हसनाबादला गेलो. लई दिवस मनात घोळवलेलं वाक्य एकदाचं बोलून टाकलं. "आक्का, नदीकडचं एक एकर तुझ्या नावानं करून देतो."

ती अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. हात थांबले नाहीत. "आता कशाला रे भाऊ," ती म्हणाली. "मला बांधापर्यंत चालवत बी न्हाई आता."

मी तिच्यासमोर बसलो आणि शेंगा सोलू लागलो.