परत येण्याचं कारण

बहीण अमेरिकेत बाळंत होणार होती, म्हणून टुरिस्ट व्हिसासाठी मी आईला आमच्या कापडे गावाहून मुंबईला नेलं. पाहुणा नक्की परत जाईल, हे पटल्याशिवाय अमेरिकन वकिलातीतले लोक व्हिसा देत नसत. 'शेती आहे, मुलगा आहे, असं सांग,' हे मी तिच्याकडून घोटून घेतलं होतं. आत खिडकीवरच्या अधिकाऱ्याने तिला विचारलं, "गावी तुमच्यासोबत कोण असतं?"

"कोन नाय. येकलीच हाय," ती म्हणाली.

व्हिसा नाकारला. एसटीत महाड येईपर्यंत मी तिच्यावर धुसफुसत होतो. घराचं कुलूप काढताना ती एवढंच म्हणाली, "मी खोटं काय बोलले रे?"

सकाळच्या गाडीने मी मुंबईला कामावर परत निघालो. बहिणीसाठी वळलेले डिंकाचे लाडू तिने माझ्या पिशवीत भरले.