ड्रममधून पाणी ओढणारं मशीन

माझे वडील एका व्यापाऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर होते. रोज सकाळी मालकाची पांढरी गाडी बादली आणि फडक्यानं पुसून चकचकीत करायची, मगच चहा, असा त्यांचा नेम. आमच्या घरात कॉलेजचं तोंड बघितलेला मी पहिला. पदवी झाली, सात रस्ता चौकाजवळच्या एका ऑफिसात नोकरी लागली आणि पुढे स्वतःची गाडी आली. जुनी घेतली, पण काळी घेतली. काळ्या रंगावर धूळ लपत नाही, आणि सोलापूरची धूळ तर कशावरच लपत नाही. एकदा वॉशिंग सेंटरला दिली तर त्यांनी मळक्या फडक्यानं पुसून बॉनेटवर गोल गोल ओरखडे उठवून दिले. वडील त्या ओरखड्यांवरून बोट फिरवत म्हणाले, "दुसऱ्याची गाडी मी अशी कधी पुसली न्हाय." त्याच दिवशी ठरवलं, गाडी घरीच धुवायची, आणि धुवायची तर नीट मशीन घेऊन.

मी कुठलीही गोष्ट वाचून, विचारून घेणारा माणूस. किती बारचं प्रेशर लागतं, किती झालं की रंग उडतो, पंप पितळी हवा की प्लॅस्टिकचा चालेल, फेस काढायची बाटली बरोबर मिळते का, सगळं बघितलं. पण सगळ्या माहितीत एक गोष्ट गृहीत धरलेली असायची, ती म्हणजे नळ. मशीनला नळ जोडा, बटण दाबा. आमच्या गल्लीत नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, तेही घरात भरायचं की गाडीला जोडायचं? पाण्याच्या दिवशी सगळ्यांच्या टाक्या भरेपर्यंत कुणी अंगणसुद्धा धूत नाही. हे कुणी लिहून ठेवलेलं नाही, पण मोडलेलंही कुणी नाही.

ही अडचण मी शेजारच्या अण्णांना सांगितली. अण्णा म्हणजे कापडाचं दुकान मुलाच्या हाती देऊन घरी बसलेले गृहस्थ. रोज सकाळी आमच्या कट्ट्यावर येऊन वडिलांबरोबर चहा घ्यायचे, पेपर मोठ्यानं वाचून दाखवायचे. वडिलांना ते दादा म्हणायचे, मला साहेब. त्यांच्या तोंडून साहेब ऐकलं की वडिलांच्या चेहऱ्यावर जे यायचं, ते मला पगारापेक्षा मोठं वाटायचं.

"त्यात काय एवढं?" अण्णा म्हणाले. "माझं बोअर हाय की. ड्रम भरून घ्या, ड्रममधनं पाणी ओढणारं मशीन घ्या. माझीबी गाडी धुऊन निघंल."

मशीन घ्यायला ते स्वतः माझ्याबरोबर आले. दुकानदार नळ जोडून मशीन दाखवायला लागला, तर त्यांनीच त्याला थांबवलं. "नळ सोडा. बादलीतनं ओढतंय का ते दाखवा." त्यानं पाइप बादलीत सोडला. पहिलं मशीन नुसतंच घरघरलं. दुसऱ्यानं पाणी ओढलं, पण आवाज असा की दुकानातली माणसं वळून बघायला लागली. अण्णांनी कान झाकले. "हे नको साहेब. गल्लीला त्रास कशाला? कमी आवाजाचं बघा." तिसरं जड होतं, महागही होतं, पण शांत होतं आणि पाणी सरळ ओढत होतं. तेच घेतलं. अण्णांचा किती बारीक विचार, असं मी वडिलांना घरी येऊन सांगितलंसुद्धा.

ड्रम कसा भरायचा तेही अण्णांनीच ठरवलं. पाइप मागच्या भिंतीवरून टाकायचा, समोरून नको, येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय अडकतात. भरायचं ते उजाडायच्या आत, नंतर लाइटचा भरवसा नाही. मला सगळं पटत गेलं. रविवारी त्यांची गाडी आधी, मग माझी. बोअरचं पाणी क्षाराचं, ऊन चढायच्या आत टिपून घेतलं नाही तर काळ्या रंगावर पांढरे ठिपके राहतात, म्हणून मी मऊ टॉवेल घेऊन मागे-पुढे पळायचो आणि वडील कट्ट्यावरून सांगायचे, "आरशाखाली राहिलं बघ."

मग तो रविवार आला. उन्हाळा वर आला होता. आदल्या दिवशी नळाला करंगळीएवढी धार आली आणि अर्ध्या गल्लीच्या टाक्या भरायच्या आधीच बंद झाली. अण्णांची गाडी धुऊन त्यांच्या गेटात गेली होती. माझी गाडी पांढऱ्या फेसात होती, तेव्हा समोरच्या घरातल्या मावशींनी फोटो काढला आणि गल्लीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, प्यायला पाणी नाही आणि साहेबांच्या गाडीला साबणाची आंघोळ. अण्णा ग्रुपवर सगळ्यात आधी बघतात. मला वाटलं, एका ओळीत ते मिटवतील. ओळ आली नाही, माणसंच आली.

"शिकल्या-सवरल्या माणसानं असं करावं व्हय?" मावशी म्हणाल्या.

"मावशी, हे नळाचं पाणी नाही."

"मग कुठलं? ढगातनं मागवलं?"

मागून कुणीतरी हसून म्हणालं, "बाप मालकाची गाडी एका बादलीत धुवायचा. पोराला ड्रम लागतोय."

वडिलांनी मान खाली घातली नाही. ते अण्णांकडे बघत होते. अण्णा गर्दीच्या कडेला घडी केलेला पेपर काखेत धरून उभे होते. मीही त्यांच्याकडे बघितलं. एवढंच म्हणायचं होतं त्यांनी, पाणी माझं आहे.

अण्णा म्हणाले, "मी साहेबांना आधीच म्हणलं होतं, उन्हाळा हाय, जरा जपून. पण आपलं कोण ऐकतंय?"

मी मशीनची बंदूक खाली ठेवली.

"अण्णा, पाणी तुमच्या बोअरचं आहे की!"

"माझं बोअर?" त्यांनी माझ्याकडे नाही, लोकांकडे बघितलं. "ते होळीपासनं आटलंय. विचारा कुणालाबी."

आणि सगळ्यांनी माना हलवल्या. मावशी म्हणाल्या, "व्हय की. मी दोन घागरी मागाय गेलते, तवा अण्णांनी कोरडा नळ सोडून दाखवला."

मी दिवसभर ऑफिसात. मला ह्यातलं काही माहीत नव्हतं. मागच्या भिंतीवरचा पाइप, उजाडायच्या आतली घाई, दुकानात कानावर ठेवलेले हात, सगळं तिथं उभ्या उभ्या उलगडत गेलं. ते शांत मशीन माझ्यासाठी नव्हतं, पाणी कुठून येतं हे कुणी विचारू नये म्हणून निवडलेलं होतं.

वडिलांचा चहाचा पेला कट्ट्यावर होता. तो विसळून मी ड्रममध्ये बुडवला आणि मावशींच्या पुढे धरला. "चाखा."

त्यांनी घोट घेतला आणि लगेच बाजूला थुंकल्या. आमच्या गल्लीत नळाचं पाणी आणि बोअरचं पाणी कुणाच्याही जिभेला कळतं.

"मचूळ हाय हे," त्या हळूच म्हणाल्या. मग वळल्या. "अण्णा?"

अण्णा त्यांच्याकडे न बघता माझ्याकडे वळले. मला म्हणाले, "घरातलं समजून दिलं होतं साहेब. असं चारचौघांत उघडं पाडाल, वाटलं नव्हतं." आणि पेपर सावरत गेले. जणू मीच त्यांना फसवलं होतं.

मावशींनी ग्रुपवरचा फोटो पुसून टाकला. चुकलं असं कुणी म्हणालं नाही. संध्याकाळी अण्णांच्या गेटाशी घागरींची रांग लागली, अण्णा स्वतः पाइप धरून हसत हसत भरून देत होते, आणि मागच्या भिंतीवरचा आमचा पाइप पलीकडे ओढून घेतलेला होता.

मशीन आता जिन्याखाली चादर घालून ठेवलंय. त्यात खोट काहीच नाही, शांत आहे, पाणी सरळ ओढतं. ड्रम पालथा आहे.

पुढच्या रविवारी वडील बादली आणि फडकं घेऊन खाली उतरले. मी म्हणालो, "राहू द्या, मी करतो." त्यांनी दुसरं फडकं माझ्याकडे टाकलं. दोघं दोन बाजूंनी पुसत होतो. अण्णा समोरून गेले, कट्ट्याकडे न बघता.

"तुला बोलला त्याचं सोड," वडील आरशाखालचं पुसत म्हणाले. "पण इतकी वरसं संगं चहा पिला. एकदा माझ्याकडं तरी बघायचं हुतं त्यानं."

बादली नळाच्या पाण्याची होती, आमच्या आंघोळीतून वाचवलेली, एकच. ती मी गाडीच्या आडोशाला ठेवली नाही. समोर, गल्लीतल्या प्रत्येकाला दिसेल अशी रस्त्यावर ठेवली.