बर्नरचा मुहूर्त

निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती, तेव्हा मी परभणीच्या एका कापसाच्या जिनात बॉयलरवर कामाला होतो. गाव माझं ताडकळसच्या बाजूचं. घरची कोरडवाहू जमीन थोरला भाऊ बघायचा, म्हणून मी शहरात आलो. जिनात कापसाच्या गाठी आवळायचा प्रेस वाफेवर चालायचा, आणि ती वाफ आम्ही लाकडं घालून काढायचो. अंगाला धुराचा वास असा बसला होता, की बायको म्हणायची, तुमी गल्लीत शिरला की मला घरात कळतंय.

मग मालकांनी नवं मोठं बॉयलर आणलं. त्याला लाकूड नको होतं. काळं, काकवीसारखं जाड तेल तापवून पातळ करायचं, बर्नरमध्ये वाफेच्या झोतानं त्याचा बारीक फवारा उडवायचा आणि तो फवारा पेटवायचा, अशी त्याची रीत. झोतासाठीची वाफ जुन्या लहान बॉयलरमधून यायची.

ते बसवायला हैदराबादेहून एक मिस्त्री आले. आम्ही सगळे त्यांना उस्ताद म्हणायचो. त्यांची डावी भुवई अर्धीच होती. पहिल्या दिवशी मी तिकडं बघत राहिलो, तसं ते हसले आणि म्हणाले, "पैले हवा, फिर आग, बाद में तेल. मैं एक बार उल्टा करा, मियाँ."

त्यांनी मला बर्नर शिकवला तो तेलाशिवायच. आधी धुराड्याची झडप पूर्ण उघडायची, भट्टीत हवा खेळू द्यायची. वाफेच्या नळीतलं पाणी काढून टाकायचं आणि कोरडी वाफ येईपर्यंत थांबायचं. मग घासलेटात बुडवलेली पेटती मशाल बर्नरच्या तोंडाशी धरायची, वाफ सोडायची आणि सगळ्यात शेवटी तेलाचा कॉक हळूच फिरवायचा. उभं राहायचं ते बाजूला, तोंडासमोर कधीच न्हाई. विस्तू नसलेली मशाल हातात धरून मी हे इतक्यांदा केलं, की कापूस निवडणाऱ्या बायका दारातून डोकावून हसायच्या.

मालक पोखर्णीच्या नृसिंहाचे भक्त. त्यांनी तिथल्या गुरुजींकडून बर्नर पेटवायचा मुहूर्त काढला आणि गावातली चार प्रतिष्ठित माणसं बोलावली. नेमका त्याच सकाळी उस्तादांना हिवताप भरला. गोधडी पांघरून ते बाहेर लिंबाखाली बाजेवर पडले, आणि मला एवढंच म्हणाले, की आज तूच पेटव.

गुरुजी आले ते थेट बॉयलरपाशीच. गोरे, स्थूल, लय चौकस गृहस्थ. पूजा मांडायच्या आधी त्यांनी कुठल्या नळीतून काय येतं ते सगळं मला विचारून घेतलं. मग नारळ फुटला, हळदकुंकू वाहिलं आणि त्यांनी मला खूण केली.

मी सगळं शिकवल्याप्रमाणं केलं. तेल सोडताच भक्कन ज्वाळा उठली, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्या टाळ्यांतच बर्नर खोकल्यासारखा फुरफुरला आणि विझला. वाफेची नळी लांब होती, सकाळ गारठ्याची होती. कुठल्यातरी वळणात पाणी राहून गेलं होतं, ते वाफेबरोबर ज्वाळेवर आलं. मशालही विझली. मी झटकन तेल बंद केलं, मग वाफ.

मालक पुढं आले. मुहूर्त सरायला थोडाच वेळ होता. भट्टीतल्या विटा तापल्यात, त्यावरच पेट घेईल, नाहीतर दुसरी मशाल लगेच लाव, असं ते हळू आवाजात सांगू लागले. रागावले नव्हते, पण पाहुण्यांसमोर त्यांचा चेहरा उतरला होता. मलाही वाटत होतं की एकदा पेटावं आणि सुटावं.

"आता न्हाई, मालक," मी म्हणालो. "आत तेलाची वाफ कोंडलीय. ती धुराड्यातून जाऊ द्या, न्हाईतर भट्टीचं दारच आपल्या अंगावर यील."

मालकांनी गुरुजींकडं पाहिलं. मला वाटलं, आता हे मुहूर्ताची बाजू घेणार. गुरुजींनी उपरण्यानं कपाळ पुसलं.

"होमात आधी अग्नी, मग तूप," ते म्हणाले. "विझलेल्या कुंडात तूप ओतून कुणाचं भलं झालंय? मुहूर्तावर एकदा अग्नी प्रकट झाला, तेवढा संकल्पाला पुरे. आता पोराला त्याच्या रीतीनं करू द्या."

मालकांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि पाहुण्यांना सावलीत नेऊन बसवलं. मी झडप उघडीच ठेवली. धुराड्यातून पांढरट वाफ जात होती, ती पार निवळेपर्यंत थांबलो. नळीचा खालचा कॉक उघडून पाणी सोडलं. आधी गढूळ पिचकारी आली, मग ओली वाफ, मग कोरडी. गुरुजी धोतराचा सोगा सावरून शेजारी उभे होते आणि आता काय, आता काय, असं विचारत होते. मी त्यांना बाजूला व्हायला सांगितलं, तसे ते आज्ञाधारकपणे भिंतीला टेकले.

दुसऱ्यांदा पेटला तो पेटलाच. धुराड्यातून आधी काळा लोट गेला. मी तेल थोडं कमी केलं, हवा वाढवली, तसा तो विरळ होत गेला आणि शेवटी आभाळात नुसती हवा थरथरताना दिसायला लागली. भट्टीच्या भोकातून गुरुजींनी ती ज्वाळा पाहिली आणि कितीतरी वेळ तिथून हललेच नाहीत.

जेवणं सुरू झाली तसा मी ताट वाढून घेऊन उस्तादांकडं धावलो. झालेलं सगळं रंगवून सांगायचं होतं. त्यांनी गोधडीतून डोकं बाहेर काढलं आणि मला बोलूच दिलं नाही.

"सब सुना मैं," ते म्हणाले. "आवाज जादा हाय. भाप कम कर, फिर खाना खा."

मी ताट बाजेवर ठेवलं, आत गेलो आणि वाफेचा कॉक जरासा आवळला. बर्नरचा आवाज खाली बसला. बाहेर उस्ताद वरणभात कालवत होते.