भांडणाचं पथ्य

आत्या गेल्याची बातमी घेऊन माझा भाऊ सकाळच्या एस.टी.नं मौद्याला माझ्याकडे आला. मी शाळेत शिकवायला निघाले होते, हातात डबा होता. तो दारातच म्हणाला, "वच्छलाआत्या गेली वं... झोपेतच गेली." आणि माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, "आईनं काही खाल्लं का?" भावाला त्यात काही वावगं वाटलं नाही. आमच्या घरात वाढलेल्या कोणालाच वाटलं नसतं.

वच्छलाआत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. ऐन तारुण्यात नवरा गेला आणि ती भावाकडे आली, ती कायमचीच. नागपूरच्या गांधीबागेत कापडाच्या दुकानांमागच्या गल्लीत आमच्या भाड्याच्या दोन खोल्या होत्या, आणि त्यात आईचं नि आत्याचं एकच स्वयंपाकघर. भाकरी पातळ की जाड, फोडणीत लसूण आधी की जिरं, कूलरच्या वाळ्यावर पाणी कोणी मारायचं... दोघींना विषय कमी पडला नाही. आत्या म्हणायची, "इंदे, तुह्या मायनं तुले काही शिकवलं का नाही वं?" आई पदर खोचून म्हणायची, "तुम्हाले शिकवलं असन तर ते कधी दिसू द्या, बाई." बाबा दुकानात जाताना चपला हातात घेऊनच बाहेर सटकायचे. आम्ही भावंडं मात्र त्या आवाजात गणितं सोडवायचो. घड्याळाच्या टिकटिकीकडे कोणी लक्ष देतं का, तसंच ते होतं.

मी कॉलेजात असताना आईच्या छातीत दुखू लागलं. डॉक्टरांनी तपासलं, गोळ्या दिल्या, विश्रांती सांगितली आणि जाता जाता बाबांना म्हणाले, "यांच्या मनाला त्रास होऊ देऊ नका." झालं. घरानं ते वाक्य औषधापेक्षा जास्त मनावर घेतलं. बाबांनी बहिणीला बाजूला बसवून हात जोडले, आणि आत्यानं त्या दिवसापासून तोंड शिवून घेतलं. आई जे म्हणेल त्याला "हाव वं, तू म्हणशील तसं." गल्लीतल्या बाया ओट्यावरून डोकावून विचारायच्या, घरी कोणी नाही काय वं?

छातीतली कळ थांबली, पण आई उठेना. जेवण दोन घासांवर आलं, हातापायांतलं बळ गेलं, खाटेवरून मोरीपर्यंत जायचं तरी माझा खांदा लागायचा. इकडे आत्याचंही धड नव्हतं. गिळलेले शब्द पचत नसावेत. तिला आंबट ढेकर, घशाशी जळजळ, रोज ओव्याचं पाणी. बाबा म्हणायचे, उन्हाळा बाधला. नागपुरात कशालाही उन्हाळा बाधतो, म्हणून आम्हीही मान डोलवायचो.

एका दुपारी आईनं मला जवळ बोलावलं. "मले खरं सांग. डॉक्टरनं काय सांगतलं? मी वाचत नाही ना?"

"काहून असं म्हणते?"

"काल मी बाईंले तोंडावर म्हटलं, तुमच्या भाकरी चामड्यासारख्या होतेत. तर म्हणे, हाव वं, उद्या पातळ करीन." आईचे डोळे भरून आले. "असं माणूस मरणाऱ्याशीच बोलते."

आम्ही तिला जपत होतो आणि ती त्या जपण्यातून स्वतःचं मरण वाचत होती. मी उठून सरळ आत्याकडे गेले आणि जसंच्या तसं सांगितलं. तिनं ओव्याच्या पाण्याचा पेला खाली ठेवला. मग पुटपुटली, "पाह्य बाप्पा... अन् मी आपली सुधरून राहिली."

दुसऱ्या दिवशी लोणचं घालायचं होतं. आमच्याकडे कैरीचं लोणचं म्हणजे मोहरी, मेथी, तिखट आणि तेल. त्याला गोडाचा स्पर्श चालत नाही. आई तर त्या बाबतीत फारच कट्टर. आत्यानं परात मुद्दाम खाटेवरून दिसेल अशी मांडली, हातात गुळाचा खडा घेतला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "इंदे, यंदा मी लोणच्यात गूळ टाकून राहिली. तुह्यं ते जहर कोण खाते?"

आई आधी उठून बसली. मग भिंत धरून उभी राहिली. मी पुढे झाले तर आत्यानं डोळ्यांनीच मला थांबवलं. आई चालत स्वयंपाकघरात आली आणि तिनं आत्याच्या हातातून गूळ हिसकून घेतला. "हात लावून तर दाखवा. वर्षाचं लोणचं नासवायले निघाल्या." त्यानंतर जे भांडण झालं, ते गल्लीच्या टोकापर्यंत पोचलं असावं. शेवटी दोघी परातीच्या दोन बाजूंना घामाघूम बसल्या होत्या, आणि आईनं परातीतल्याच मसाल्याशी अर्धी भाकरी खाल्ली.

गोळ्यांनीही आपलं काम केलंच असणार, मी ते नाकारत नाही. पण डॉक्टरांना हा प्रकार सांगितला तेव्हा ते हसून म्हणाले, "मी त्रास देऊ नका म्हटलं होतं हो, घर बंद करा असं नाही." आई महिनाभरात चुलीशी आली. आत्याचं ओव्याचं पाणीही कधी सुटलं, कुणाच्या लक्षात आलं नाही. त्यानंतर दोघी कितीतरी वर्षं बिनधास्त भांडल्या, आणि खरं सांगायचं तर मला तो आवाज अजून हवा आहे.

म्हणूनच भावाला मी आईचं विचारलं होतं. आणि भीती होती तसंच झालं. तेरवीपर्यंत आई जेमतेम चहावर होती. येणारा प्रत्येक जण तिच्याशी हळू आवाजात, गोड बोलत होता. भावानं बैठकीत आत्याचा फोटो लावला होता, माझ्या लग्नातला, छान हसरा. पाहुणे गेल्यावर आई त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "ही कोण बाई आहे?" म्हणाली. "ह्या हसणारीले मी नाही ओळखत. काढ तो."

भावानं कुठूनतरी दुसरा फोटो शोधून आणला. कपाळाला आठ्या, मान तिरपी, नजर समोरच्याला खाणारी. "लोक काय म्हणतीन?" असं तो म्हणत होता, पण आईनं तो स्वयंपाकघरात, चुलीसमोरच्या भिंतीला ठोकून घेतला. मग पीठ मळलं. भाकरी थापल्या, वांग्याची भाजी केली आणि ताट घेऊन तिथेच बसली. पहिला घास तोंडात घातला आणि तिनं वर पाहिलं.

"मीठ बरोबर आहे, बाई," ती म्हणाली. "अशा पाहू नका." आणि तिनं दुसरी भाकरी वाढून घेतली.