वांगी रंगाचा स्मरणध्वज

फौजेच्या भरतीला मी तीनदा गेलो आणि तिन्ही वेळा छाती कमी भरली. तिसऱ्या वेळी मोजणाऱ्या जवानाला माझी दया आली असावी, त्याने फीत जरा सैल धरून पाहिली, पण छातीने त्यालाही दाद दिली नाही. मग मी तापीकाठी वडिलांच्या शेतात केळी लावत राहिलो. पन्नाशी उलटल्यावर मात्र मला एकदम भरती करून घेण्यात आलं, आणि ते छाती न मोजता, कारण माझ्याकडे पिकअप गाडी होती.

भरती करणारे आमच्या गल्लीतले निवृत्त सुभेदार. त्यांना सगळा गाव आबा म्हणतो. वय अडुसष्ट, पाठ सरळ, आणि दुसऱ्याचं काय चुकलं ते सांगण्याची हौस दांडगी. फुलं वाहणाऱ्याने कुठला पाय आधी टाकला इथपासून चहाच्या कपाचा कान कुठल्या दिशेला असावा इथपर्यंत त्यांचं मत ठरलेलं असतं. खोटं मात्र हा माणूस बोलत नाही. गल्लीतल्या एकीने नव्या सुनेच्या हातचा हलवा कसा झालाय म्हणून कौतुकाने विचारलं, तर यांनी तो कसा झालाय ते सांगितलं होतं.

आबांच्या मनात आलं की जिल्ह्यातल्या माजी सैनिकांनी मिळून एक स्मरणध्वज करायचा. त्यावर गेलेल्या जवानांची नावं धाग्याने भरायची, आणि तो ध्वज इतमामाने गावोगावच्या स्मारकांपाशी, शाळांत, कार्यक्रमांत न्यायचा, म्हाताऱ्या सैनिकांना त्याच्यासमोर मानाने बसवायचं. तिरंगा असतोच, हा त्याच्या मागून चालणारा. कल्पना सगळ्यांना आवडली. घोडं अडलं रंगावर. भगवा म्हटलं की एक पक्ष, निळा म्हटलं की दुसरा, हिरव्याचं तर कोणी नावच काढेना, आणि पांढरा झेंडा घेऊन फौजी कधी निघत नाही असं आबांनी बजावलं. दोन बैठका झाल्या. शेवटी शहाद्याच्या शिंप्याकडे कोणाचाच नसलेला एक रंग निघाला, वांग्याचा. भरिताचं वांगं असतं ना, तस्सा. त्याला सोनेरी झालर लावली.

ध्वजाचे नियम आबांनी वहीत लिहून काढले. काठी सरळ राहील, झुकणार नाही. जमिनीला टेकणार नाही. पांढरे हातमोजे घातल्याशिवाय कोणी हात लावणार नाही. ध्वज धरणारे त्याच्यासमोर बसणार नाहीत. आणि सिव्हिल माणूस काठीला शिवणार नाही. सिव्हिल माणूस म्हणजे मी. गाडी माझी, काठी उभी राहावी म्हणून गाडीच्या मधोमध लोखंडी नळी वेल्ड करून घेतली ती मी, पण मी गाडी चालवायची आणि पुढे बघायचं. मी घरी येऊन कुरकुर केली तर बायको म्हणाली, "तुमी फौजमा गया नहीत ते बरं व्हयनं. फौजनं नशीब."

ध्वज धरायला नाईक. ते आबांच्याच कंपनीत होते आणि अजून आहेत असंच दोघं वागतात. नाईकांचा एक गुडघा कामातून गेलेला, तरी गाडीच्या हौद्यात काठी धरून ते पुतळ्यासारखे उभे राहायचे. पुढे माजी सैनिकांच्या अकरा मोटरसायकली. निघताना अकरा, नंतर कोणाचं कपाशीचं काम, कोणाची साडूकडची हळद, असं होत होत चार उरायच्या.

रस्त्याने आमची फार पंचाईत व्हायची. खानदेशात उंच काठीला झेंडा लावून माणसं निघाली की ती गडावर देवीला चाललीत हे लहान पोरालाही कळतं. बायका तांब्या घेऊन पळत यायच्या, गाडीच्या चाकांवर पाणी घालायच्या, कुंकू लावायच्या. "कोणता देवना झेंडा शे, भाऊ?" असं एका आजीने विचारलं तेव्हा आबा गाडीतून उतरले आणि त्यांनी तिला उन्हात उभं करून सगळं समजावलं. आजीने शांतपणे ऐकून घेतलं. मग तिने काठीला नारळ वाहिला आणि नातवाला नोकरी लागू दे म्हणाली.

कमान लागली ती तळोद्याच्या अलीकडे. रस्त्यावरच लग्नाचा मांडव, त्याला फुलांची कमान, आणि कमान आमच्या काठीपेक्षा हातभर ठेंगणी. मी म्हटलं, काठी जरा तिरपी करू, दोन मिनिटांचं काम. आबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी गाडीच बंद केली. ते मांडववाल्याला म्हणाले, "झेंडा खाले व्हनार नही, भाऊ. कमान सोडा." आता भांडण होणार म्हणून मी काच वर केली. पण वधूपिता धावत आला, आबांचे पाय धरले आणि कमान सोडायला माणसं लावली. मग माईकवर आमची नावं पुकारली गेली. आमच्याकडच्या लग्नात नवरा-नवरीपेक्षा सत्काराला जास्त वेळ लागतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. टॉवेल, टोपी, नारळ. आबांना, नाईकांना, चारही मोटरसायकलवाल्यांना आणि मलाही. आबांना दोन शब्द बोलायला सांगितलं. ते वीस मिनिटं बोलले. नवरदेव बाशिंग सावरत उभा होता, भटजी घड्याळ बघत होता, आणि ज्यांचा मान करायला आम्ही हिंडत होतो त्यांतला एक म्हातारा माजी सैनिक मागच्या रांगेत खुर्ची न मिळाल्याने उभा होता. हे मला गाडीत बसल्यावर कळलं. आबांना सांगितलं तेव्हा त्यांनी सत्काराची टोपी डोक्यावरून काढून मांडीवर ठेवली.

असं गावोगाव चाललं होतं. गाडीत नारळ केळीसारखे भरले. पण आबांचं चित्त एकाच घरावर होतं.

ते घर मोलगीच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका पाड्यावर. तिथला एक मुलगा नऊ वर्षांपूर्वी उत्तरेत बर्फ कोसळून गेला. त्याचं नाव ध्वजावर सातव्या ओळीत आहे. त्याची आई सुरुवातीला दोनदा अक्कलकुव्याला कार्यक्रमाला आली, शाल घेऊन गेली, आणि मग येणंच बंद केलं. निरोप गेले, गाडी पाठवली, ती आली नाही. आबा म्हणायचे, सगळ्या जिल्ह्यात झेंडा फिरला आणि त्या एका आईने पाहिला नाही, तर आपण नुसतं वांगं मिरवलं. त्यांना ते फार लागलं होतं. पाड्यावरच्या आशाताईंना, म्हणजे आरोग्याचं काम बघणाऱ्या बाईंना, त्यांनी किती फोन केले असतील देव जाणे. तिकडे रेंज टेकडीवर चढल्यावरच मिळते. शेवटी एकदा निरोप आला. घरी या, वाट बघतो.

थंडीचे दिवस होते. अक्कलकुव्यापासून चारही मोटरसायकली मागे फिरल्या, तिथी चांगली होती आणि लग्नं बरीच होती. राहिलो आबा, नाईक आणि मी. मोलगीच्या पुढे डांबर संपलं, मग खडी संपली, मग एका ओढ्यापाशी रस्ताच संपला. फरशी पूल वाहून गेला होता. पलीकडे चढ, पायवाट, आणि चढाच्या वर कुठेतरी ते घर.

आबांनी हातमोजे घातले, नाईकांनी घातले. काठी नळीतून काढली. नाईक पहिली दहा पावलं कवायतीत गेले, अकराव्या पावलाला गुडघ्याने राजीनामा दिला. आबांनी काठी घेतली. चौदा फुटी काठी, वर झालर, आणि डोंगरावरचा वारा. ध्वज आबांना धरून चालला होता असं म्हणणं जास्त खरं. दोनदा ते दरीकडे झुकले आणि मी मागून त्यांचा कोट पकडला. मी म्हटलं, आबा, द्या माझ्याकडे. ते दम खात म्हणाले, नियम आहे. मी म्हटलं, मग आपण इथेच बसू, ती आई बसेल तिकडे. खरंच मला राग आला होता. इतक्या लांब येऊन एका वहीसाठी अडून बसायचं म्हणजे काय.

एवढ्यात वरून ढोल ऐकू आला. पाड्यावरची पंधरा-वीस माणसं उतरत होती, पुढे आशाताई. त्यांनी आमची अवस्था पाहिली, आपसांत त्यांच्या बोलीत दोन शब्द बोलले, आणि आबांना काही कळायच्या आत काठी त्या माणसांच्या खांद्यावर गेली. आडवी. आबा ओरडले. आशाताईंनी समजावलं की होळीला ही माणसं दूरच्या जंगलातून याच्या चौपट उंचीचा बांबू आणतात, आणि गावात पोचेपर्यंत तो जमिनीला टेकू देत नाहीत. दमलेला खांदा निघायच्या आधी दुसरा खांदा खाली येतो. तुमचा झेंडा पडणार नाही, त्या म्हणाल्या.

नाईकांना दोन पोरांनी काखेत धरून वर चढवलं. आबा मागून चालत होते आणि वहीतले नियम मोजत होते. आडवा नेला, एक मोडला. हातमोजे नाहीत, दोन. अनवाणी, ढोल, मध्येच नाच. चढ संपता संपता आबांनी मोजणं सोडलं, कारण ध्वजाची झालरसुद्धा कुठे गवताला लागली नव्हती. एका जागी वाट फारच अरुंद होती, माणूस कमी पडला, तेव्हा पुढच्याने वळून मला हाताने खूण केली. मी खांदा दिला. आबांनी पाहिलं आणि दुसरीकडे बघितलं. चाळीस पावलं मी फौजेत होतो.

घराच्या अंगणात पाड्यावरच्यांनी हातांनी खड्डा केला. तिथे मात्र आबा आडवे आले, जमिनीला टेकणार नाही म्हणाले. तेव्हा कोणीतरी धान्य कुटायची लाकडी उखळी आणली, आणि ध्वज उखळीत उभा राहिला. आई दारात होती. बारीक, काटक बाई. तिने ध्वजाकडे एकदा पाहिलं आणि मग ती आमच्या तोंडांकडे बघत राहिली, एकेकाच्या. आबांनी खिशातून भाषणाचा कागद काढला. तिने आशाताईंना काहीतरी विचारलं, आणि आशाताईंचा चेहरा उतरला.

तिचा निरोप खरं तर मोठा होता. चार माणसांकडून फिरत टेकडीवर येईतो त्यातलं "घरी या, वाट बघतो" एवढंच उरलं होतं. त्यांच्याकडे रीत अशी की कोणी परमुलखात वारला, तर त्याच्यासोबत जे राहिले-जेवले ते त्याच्या घरी येतात आणि बसून सांगतात. आई नऊ वर्षं त्यांची वाट बघत होती. कार्यक्रमाला ती जात नव्हती ती म्हणूनच, ती माणसं आली आणि दाराला कडी असली तर. ती पोरं पंजाबातली, मद्रासकडची, त्यांना हा पाडा कुठून सापडणार. आणि आज ढोल वाजवत सगळा पाडा खाली आला होता तो आमच्यासाठी नव्हे. त्यांना वाटलं होतं, सोबतचे आले.

आई विचारत होती, त्याच्यासोबत होते ते हेच का. आशाताईंनी हळूच सुचवलं, हो म्हणा ना. मीही आबांचा कोट ओढला. एका शब्दाचा तर प्रश्न होता, आणि मी असतो तर म्हटला असता. आबांनी कागदाची घडी केली.

"नाही," ते म्हणाले. "मी तुमच्या मुलासोबत नव्हतो. मी त्याला कधी पाहिलं नाही."

आशाताईंनी ते सांगितलं. ढोलवाला ढोल खाली ठेवून बसला. मला आबांचा इतका संताप आला की मी उखळीकडे बघत उभा राहिलो. मग आईने विचारलं, पण तुम्ही तिथे होता ना, बर्फात? आबा म्हणाले, होतो, चार वर्षं. मग बसा, ती म्हणाली.

आणि आबा बसले. ध्वजासमोर, जमिनीवर, मांडी घालून. तिने विचारलं, तिथे खायला काय. आबांनी सांगितलं, डाळ, भात, डब्यातली भाजी, चपात्या विस्तवावरून काढेपर्यंत कडक. भाकर नाही? नाही. ओले मोजे कुठे वाळवतात? अंगाखाली घेऊन झोपायचं. भांडी कोण घासतं? ज्याची त्याने. यावर ती हसली आणि शेजारणीला काही म्हणाली, तीही हसली. त्याने घरी कधी ताटली उचलली नव्हती. आशाताई दोन्हीकडचं सांगत होत्या, आबा त्यांच्यासाठी शाळेतलं मराठी बोलत होते. चपातीची जाडी, राखेने घासलेला पेला, सगळं बारीकसारीक, जिथे आठवत नव्हतं तिथे आठवत नाही. मध्ये आमच्यापुढे आमचूर घातलेली उडदाची डाळ आणि भाकरी आल्या. ती आम्हाला वाढता वाढता म्हणाली, "जो येतो तो माझा पोरगा मेला कसा तेच सांगतो. जेवला काय ते कोणी सांगितलं नाही."

मी ताटात बघून जेवलो.

ऊन कलायला लागलं तेव्हा तिने आणखी एक विचारलं. तो सकाळी कधी आपणहून उठला नाही. इथे त्याचा बाप अंगावर पाणी ओतायचा. तिथे कोण उठवत असेल?

"त्याला कोण उठवायचं ते मला माहीत नाही," आबा म्हणाले. "माझ्याकडच्या पोरांना मी उठवायचो. पाय ओढून."

"शिव्या द्यायचात?"

आबांनी नाईकांकडे पाहिलं. नाईक आभाळाकडे बघत होते.

"द्यायचो," आबा म्हणाले. "आईवरून कधी दिली नाही. पण द्यायचो."

आशाताईंनी सांगितलं. आईने मान हलवली, आबांच्या ताटात आणखी एक भाकर टाकली.

"मग त्यालाही कोणीतरी देत असेल," ती म्हणाली. "त्याशिवाय उठायचा नाही तो."