मधलं आपण जोडायचं

तुमसरहून सिहोऱ्यावरून पुढे जाणाऱ्या एसटीत एक बाई माझ्या शेजारी, खिडकीला कपाळ टेकून बसली होती. बाहेर श्रावणातलं मऊ ऊन होतं. रस्त्यालगत कुठे धानाच्या कोवळ्या रोपांचे पऱ्हे, कुठे ती रोपं नुकतीच लावलेली ताजी रोवणी, कुठे गुडघाभर वाढलेलं धान. बांधांनी आखलेली एकेक बांधी मागे सरताना ती काचेवर बोट टेकवायची आणि हलकेच पुढच्या बांधीपर्यंत ओढत न्यायची.

"काय पाहून राहिल्या, बाई?" मी विचारलं.

"नोकरीत जे करते, तेच." मग तिनं सांगितलं की दूरच्या आकाशगंगा कशा जन्मतात आणि कशा वाढतात, हे शोधण्यात तिची उमर गेली.

"वाढताना दिसते का ते?"

"नाही जी. एक आकाशगंगा वाढताना पाहायले आपली जिंदगी पुरत नाही. म्हणून एक लहान पाहायची, एक जवान, एक म्हातारी. मधलं आपण जोडायचं."

काच तिच्या श्वासानं धूसर झाली होती. ती तिनं पदरानं पुसली.

"गावी कोण आहे तुमचं?"

"माय होती. तेरवीले चालली मी." तिनं पुन्हा काचेवर बोट टेकवलं. "दर सुट्टीत मी आली का, माय थोडी अजून वाकलेली दिसे. मधलं मी तिकडे बसून जोडत जाई."

सिहोऱ्याला ती उतरली. मी पुढच्या गावाला उतरून घरी पोचलो, तेव्हा माझी माय ओसरीवर तांदूळ निवडत होती. मी तर रोज तिच्याजवळच असतो. तरी तिचे हात कधीपासून थरथरू लागले, ते मला आठवेना.